टोपी, वळू घोडा आणि प्रतीकाची किंमत

१

कथात्म साहित्याच्या समीक्षेत वस्तूला फार काळ वस्तू म्हणून राहता येत नाही. कादंबरीत घोडा आला की तो प्राणशक्तीचे, आदिम वासनेचे किंवा स्वातंत्र्याचे प्रतीक ठरतो. टोपी आली की ती सामाजिक ओळखीचे, वर्गाचे नाहीतर मुखवट्याचे. पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिकांपासून मान्यताप्राप्त समीक्षाग्रंथांपर्यंत ही सवय इतकी रुळली आहे की तिच्यात काही गमावले जात असेल, अशी शंकाही सहसा कुणाला येत नाही. तो घोडा कुणी विकला व का विकला, ती टोपी कुणी शिवली व कुणाच्या डोक्याच्या मापाने शिवली, हे प्रश्न 'तपशील' ह्या सदरात जमा होतात आणि अर्थनिर्णयनाच्या वेळी बाजूला पडतात.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की हे प्रश्न अर्थनिर्णयनाच्या आधीचे नसून त्याच्या आतले आहेत. वस्तूला प्रतीकत्व केव्हा लाभते आणि केव्हा लाभत नाही, ह्याचा निर्णय पुष्कळदा तिच्या बाजारातल्या नशिबावर अवलंबून असतो. जी वस्तू आपल्या व्यवहारात निकामी ठरते, ती समीक्षेला प्रतीक म्हणून चटकन दिसते. जी वस्तू आपले काम चोख करते, ती समीक्षेच्या नजरेतून निसटते. ह्या विधानाची तपासणी करण्यासाठी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन इंग्रजी कृती विशेष उपयोगी पडतात. डी. एच. लॉरेन्सच्या 'सेंट मॉर' ह्या दीर्घकथेच्या केंद्रस्थानी पैदाशीसाठी वाढवलेला एक घोडा आहे. व्हर्जिनिया वुल्फच्या 'मिसेस डॅलोवे' ह्या कादंबरीत एका निर्णायक क्षणी एका स्त्रीची टोपी तयार होते. दोन्ही कृती पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमधल्या आहेत आणि त्या समाजाच्या मुळाशी काहीतरी बिघडले आहे, ह्या जाणिवेतून निर्माण झालेल्या आहेत. तरीही समीक्षेत घोड्याच्या वाट्याला जे गांभीर्य आले, ते टोपीच्या वाट्याला आले नाही. ह्या तफावतीचे कारण कृतींमध्ये शोधावयाचे की समीक्षेच्या मूल्यव्यवस्थेत, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२

कथेतील वस्तूंसंबंधी विसाव्या शतकातील समीक्षेने दोन ठळक भूमिका मांडल्या. पहिली भूमिका प्रतीकवादी म्हणता येईल. तिच्या मते, श्रेष्ठ कृतीत कोणतीही वस्तू केवळ वस्तू नसते. ती संपूर्ण कृतीच्या आशयाला आपल्यात साठवून घेते. दुसरी भूमिका रोलाँ बार्थ ह्यांनी १९६८ सालच्या 'वास्तवाचा परिणाम' ह्या निबंधात मांडली. फ्लॉबेरच्या 'साधे हृदय' ह्या कथेतील घराच्या वर्णनात भिंतीवर एक वायुभारमापक आहे. पियानो घराची प्रतिष्ठा सुचवतो, त्यावर रचलेली खोकी अव्यवस्था सुचवतात. वायुभारमापक मात्र काहीच सुचवत नाही. बार्थ ह्यांच्या मते अशा निरर्थक वाटणाऱ्या तपशिलाचे काम एवढेच, की 'हे वास्तव आहे' असे त्याने वाचकाला सांगावे.

पहिल्या भूमिकेत वस्तू अर्थाने इतकी भरून जाते की तिचे वस्तुपण उरत नाही. दुसरीत ती अर्थाने इतकी रिकामी होते की तिच्या जागी दुसरी कोणतीही वस्तू चालावी. दोन्ही भूमिकांना समान असलेली एक गोष्ट मात्र सहसा नोंदवली जात नाही. दोहोंमध्येही वस्तू कशी बनते, कशी विकली जाते आणि कशी वापरली जाते, ह्याला स्थान नाही.

फ्लॉबेरच्याच 'मादाम बोव्हारी' (१८५७) ह्या कादंबरीच्या आरंभी आलेली शार्लची टोपी ह्या दोन्ही भूमिकांना अडचणीत टाकते. सुमारे पंधरा वर्षांचा, खेड्यातून आलेला हा मुलगा वर्गात शिरतो. त्याच्या टोपीचे वर्णन इतके लांबते आणि त्यात टोप्यांचे इतके प्रकार एकमेकांत मिसळतात की वर्णनाच्या शेवटी वाचकाच्या डोळ्यांपुढे कोणतीच टोपी उभी राहत नाही. जोनाथन कलर ह्यांनी फ्लॉबेरवरील आपल्या १९७४ सालच्या ग्रंथात ह्या परिच्छेदाची चिकित्सा केली आहे. हे वर्णन प्रतीकात्मक वाचनाला आमंत्रण देते आणि तेच वाचन फोल ठरवते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. तो मान्य करूनही एक साधी बाब शिल्लक राहते. वर्णन संपताच फ्लॉबेर नमूद करतो की टोपी नवी होती आणि तिचा पुढचा पट्टा चकाकत होता. वर्गातील इतर मुलांची रीत अशी, की दारातूनच टोप्या बाकाखाली भिरकावून द्यायच्या, म्हणजे धूळ उडते. शार्ल आपली टोपी गुडघ्यांवर धरून बसतो.

हा प्रसंग विकत घेतलेल्या वस्तूचा आणि तिच्या वापराच्या रीतीचा आहे. टोपी कोरी करकरीत आहे. तिचा वापर अजून सुरू झालेला नाही. इतर मुलांना टोपी कशी वापरायची, म्हणजे कशी फेकायची, हे ठाऊक आहे. शार्लला ठाऊक नाही. पुढे वर्गात जो हशा पिकतो, तो ह्या अंतरातून निर्माण होतो. टोपी शार्लच्या मूर्खपणाचे प्रतीक आहे असे म्हटले, की हे अंतर पुसले जाते आणि हशा ज्या मुलांनी केला त्यांची रीतही नजरेआड होते. बालकाच्या डोक्यावरची टोपी हा त्याच्या घरच्यांचा त्याच्याविषयीचा मनोरथ असतो. ती वर्गात आली की तिची किंमत दुसरेच लोक ठरवतात. फ्लॉबेरने पुढे, दुसऱ्या भागातील शेतकी प्रदर्शनाच्या प्रसंगात, हीच दृष्टी अधिक क्रूरपणे वापरली आहे. रोदॉल्फचे प्रेमालाप आणि खालच्या चौकात जाहीर होणारी खताची, मेरिनो मेंढ्यांची व डुकरांची बक्षिसे एकमेकांत गुंफून येतात. तेथे पैदाशीची जनावरे कशाचेही प्रतीक म्हणून येत नाहीत. त्यांची किंमत उघडपणे, मोठ्या आवाजात पुकारली जाते, आणि नेमक्या त्यामुळेच वरच्या मजल्यावरील शब्दांची किंमत वाचकाला कळते.

३

'सेंट मॉर'मधील घोडा समीक्षेत पोचला तो एफ. आर. लीव्हिस ह्यांच्यामुळे. १९५५ सालच्या आपल्या लॉरेन्सविषयक ग्रंथात लीव्हिस ह्यांनी ह्या दीर्घकथेला फार वरचे स्थान दिले. सर्जनशील व तांत्रिक नवतेच्या संदर्भात तिची तुलना एलियटच्या 'द वेस्ट लँड'शी केली आणि झुकते माप लॉरेन्सला दिले. त्यांच्या वाचनात घोडा हा जीवनाच्या खोल, सहजप्रवृत्त स्रोताचा वाहक आहे. लू विट ह्या नायिकेचा नवरा रिको आणि त्याचे वर्तुळ ह्या स्रोतापासून तुटलेले आहे. हे वाचन चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. लॉरेन्सची भाषाच त्या दिशेने वाचकाला ओढून नेते. तथापि, हे प्रतीक ज्या संभाषणातून जन्म घेते, त्या संभाषणाकडे ह्या परंपरेने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

ते संभाषण लंडनमधील एका तबेल्यात घडते आणि ते खरेदी-विक्रीचे आहे. लू तबेल्याचा मालक सेंट्सबरी ह्याच्याकडे घोड्याची चौकशी करते. घोडा देखणा आहे, सात वर्षांचा आहे, आणि तो विकाऊ आहे. असा घोडा विकायला का निघाला, हा कोणत्याही जाणत्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न. उत्तर दोन टप्प्यांत मिळते. त्याच्यामुळे माणसे दगावली आहेत. आणि त्याला पैदाशीसाठी वाढवले होते, परंतु तो त्या कामी आला नाही, कारण घोड्यांमध्ये काही असे निघतात की त्यांना घोडीची ओढच नसते.

ह्या उत्तराचे वजन कळण्यासाठी वळू घोड्याचा व्यवहार ध्यानात घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये १७९१ साली वेदर्बी ह्यांनी शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीचे पहिले पुस्तक काढले, तेव्हापासून नराची किंमत त्याच्या पूर्वजांच्या आणि त्याच्या संततीच्या नोंदीत बांधली गेली. घोडी गाभण राहिल्यापासून शिंगरू होईपर्यंत सुमारे अकरा महिने जातात. घोडीला वर्षाकाठी एकच शिंगरू होते, तर नर एका हंगामात अनेक घोड्या फळवू शकतो. म्हणून सगळा पैसा नराच्या कुळावर आणि त्याच्या तत्परतेवर लागतो. प्रत्येक घोडीमागे ठरलेले शुल्क आणि वर मोतद्दाराची बिदागी, अशा अटींसह अशा घोड्यांच्या जाहिराती छापल्या जात. १९१८ सालच्या कायद्याने गावोगाव फिरवल्या जाणाऱ्या वळू घोड्यांना ब्रिटनमध्ये परवाना सक्तीचा झाला. थरोब्रेड जातीत तर आजही कृत्रिम रेतन मान्य नाही. नराला स्वतःच ते काम करावे लागते. अशा व्यवस्थेत घोडीकडे न पाहणारा नर हा बुडीत भांडवल असतो. त्याला एकतर खच्ची करून सवारीला जुंपायचे, नाहीतर अनभिज्ञ गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचे. सेंट मॉर लूकडे येतो तो ह्या दुसऱ्या वाटेने.

म्हणजे ज्या घोड्यात लीव्हिस आणि त्यांचे अनुयायी अखंड प्राणशक्ती पाहतात, तो घोडा व्यापाराच्या हिशेबात वांझ आहे. प्रतीक आणि वस्तू ह्यांच्यातील हा विरोध लॉरेन्सच्या नजरचुकीने आलेला नाही. कथेचे सारे बळ त्यात आहे. सेंट मॉर नकार देतो, आणि त्याचा नकार ज्या व्यवस्थेला आहे ती व्यवस्था नराच्या प्राणशक्तीलाच दरपत्रक लावणारी आहे. तो व्यवहारातून गळून पडला म्हणूनच लूच्या डोळ्यांना तो दैवी दिसू शकतो. पैदाशीच्या कामी आलेला असता तर तो वेल्श सीमेवरच्या एखाद्या तबेल्यात शुल्क मिळवत राहिला असता आणि कथेत आलाच नसता. पुढे मेलेल्या सापाला बुजून तो उसळतो, रिको लगाम खेचून त्याला आपल्या अंगावर घेतो आणि जायबंदी होतो. त्यानंतर फ्लोरा मॅन्बी त्याला विकत घेऊन खच्ची करण्याचा बेत करते. व्यवहाराने पहिल्यांदा टाकून दिलेली वस्तू आता व्यवहार दुरुस्त करून परत घेऊ पाहतो. लू आणि तिची आई घोड्याला घेऊन अमेरिकेला निघतात, त्या ह्या दुरुस्तीपासून पळण्यासाठी.

कथेचा पुढचा भाग प्रतीकवादी वाचनाला सर्वांत अवघड जातो. टेक्सासमधील कुरणावर सेंट मॉर मालकाच्या लांब पायांच्या घोडीमागे लागतो. इंग्लंडमध्ये जे घडले नाही ते येथे, कुणी न सांगता, घडू लागते. आणि त्याच सुमारास तो कथेतून नाहीसा होतो. लू न्यू मेक्सिकोतील डोंगरावरच्या वाडीकडे निघून जाते; घोडा मागे राहतो आणि त्याचे पुढे काय झाले हे लॉरेन्स सांगत नाही. अनेकांना हा रचनेतील दोष वाटला आहे; प्रतीकाची जागा आता भूप्रदेशाने घेतली, असा बचावही केला गेला आहे. वस्तूच्या अंगाने पाहिल्यास ह्या नाहीसे होण्यात एक कठोर सुसंगती दिसते. सेंट मॉर घोड्यासारखा वागू लागताच त्याला कथेत काम उरत नाही. प्रतीक म्हणून त्याचे आयुष्य त्याच्या निकामीपणाएवढेच होते.

४

'मिसेस डॅलोवे'मधील टोपीचे नशीब ह्याच्या नेमके उलट आहे. कादंबरीत टोप्या आरंभापासून आहेत. सकाळी फुले आणायला निघालेल्या क्लॅरिसाला ह्यू व्हिटब्रेड भेटतो आणि आपली टोपी सकाळच्या वेळेला शोभणारी नाही की काय, ह्या विचाराने ती अवघडते. येथे टोपी शिष्टाचाराच्या बाजूने दिसते. ती बनवणाऱ्याच्या बाजूने दिसते रेझियाच्या खोलीत. मिलानमधील खाणावळवाल्याच्या मुली टोप्या बनवत. युद्धाच्या अखेरीस तेथे राहिलेला सेप्टिमस आपल्याला काही जाणवेनासे झाले आहे ह्या भयाने ग्रासलेला असतो, आणि कात्र्यांच्या आवाजात, रंगीत पिसे व फिती पसरलेल्या त्या टेबलाजवळ त्याला आसरा वाटतो. त्याच भयाच्या एका संध्याकाळी तो रेझियाला मागणी घालतो. लंडनच्या रस्त्यांवर रेझिया येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीची टोपी पारखते. ही हौस म्हणून वाचली जाते. वस्तुतः ती कारागिराची नजर आहे. स्वस्तातल्या कापडाचा नेटका उपयोग करणाऱ्या दुकानातील पोरीला ती मनोमन दाद देते, कारण त्यातली मेहनत तिला कळते.

आत्महत्येपूर्वीच्या प्रसंगात रेझिया घरमालकीण फिल्मरबाईंच्या विवाहित मुलीसाठी, पीटर्सबाईंसाठी, टोपी शिवते आहे. सेप्टिमस आजूबाजूच्या वस्तूंकडे हळूहळू, भीतभीत पाहतो. त्या जागच्या जागी आहेत ह्याची खात्री करून घेतो. मग तो टोपीकडे पाहतो आणि म्हणतो की ती पीटर्सबाईंना फार लहान होईल. अशी टोपी रस्त्यावर बाजा वाजवणाऱ्याच्या माकडाला शोभेल, अशी थट्टाही त्या दोघांत होते. कित्येक आठवड्यांनी तो हसतो. तो फिती, मणी, पिसे घेऊन रंगसंगती जुळवतो. शिवणकाम त्याला येत नाही, रंगाची नजर मात्र आहे. ती त्याने जुळवले तसे काळजीपूर्वक शिवते. टोपी पूर्ण होते. आपल्या हातून झालेल्या कोणत्याही गोष्टीचा इतका अभिमान त्याला कधी वाटला नव्हता. ती टोपी खरी आहे, भरीव आहे, असे त्याला वाटते. नंतर डॉक्टर होम्स जिना चढून येतात आणि सेप्टिमस खिडकीतून उडी टाकतो.

समीक्षेने ह्या प्रसंगाकडे बहुधा दोन प्रकारे पाहिले आहे. सेप्टिमसच्या मृत्यूपूर्वीची क्षणिक शांती म्हणून, किंवा पतिपत्नीतील हरवलेल्या जवळिकीची झलक म्हणून. दोन्ही वाचनांत टोपी निमित्तमात्र ठरते; तिच्या जागी फुलदाणी किंवा पत्त्यांचा डाव असता तरी चालले असते. परंतु ह्या टोपीसंबंधीचे पहिले वाक्य मापाविषयीचे आहे, आणि ह्या कादंबरीत माप हा शब्द निरागस नाही. त्याच दिवशी दुपारी सेप्टिमस ज्यांच्यापुढे उभा राहिला, त्या सर विल्यम ब्रॅडशॉ ह्यांची उपास्य देवता 'प्रमाण' ही आहे. वेडाला ते वेड म्हणत नाहीत, प्रमाणबुद्धीचा अभाव म्हणतात. त्यांचे प्रमाण कुणाच्याही मापाने बेतलेले नसते. तो एक साचा आहे आणि माणसाला त्यात बसवायचे असते. सेप्टिमसला त्याच्या माणसांपासून दूर, विश्रांतिगृहात पाठवण्याचा त्यांचा निर्णय तासाच्याही आत होऊन जातो.

काही पृष्ठांच्या अंतरावर, 'प्रमाण नाही' असा निकाल ज्याच्यावर लागला आहे तो माणूस एका टोपीचे प्रमाण अचूक ओळखतो. पीटर्सबाई कोण, त्यांचे डोके केवढे, त्यांना काय शोभेल, ह्या प्रश्नांना त्याच्यापाशी उत्तर आहे. युद्धापूर्वी तो लिलाव व मूल्यांकन करणाऱ्या एका पेढीत कारकून होता आणि त्याच्याविषयी मालकांचे मत चांगले होते, हेही येथे आठवावयास हवे. वस्तूची किंमत जोखण्याच्या व्यवसायातून तो आलेला आहे. टोपीच्या कामात प्रमाण म्हणजे एका ठरावीक डोक्याशी एका ठरावीक वस्तूचे जुळणे. ते दोघांनी मिळून, हातांनी, थट्टा करत साधायचे असते. ब्रॅडशॉ ह्यांच्या देवतेला दिलेले कादंबरीतील सर्वांत सविस्तर उत्तर म्हणजे ही टोपी होय. हे उत्तर सेप्टिमसच्या भव्य दृष्टान्तांमध्ये सापडत नाही, क्लॅरिसाच्या चिंतनातही नाही. ते एका मागणीनुसार शिवलेल्या मालात आहे. आणि ही टोपी टोपी म्हणून यशस्वी झाली नसती, म्हणजे ती बाईंना बसण्याजोगी झाली नसती, तर ते उत्तर उभेच राहिले नसते. सेंट मॉरचा अर्थ त्याच्या निकामीपणातून येतो. पीटर्सबाईंच्या टोपीचा अर्थ तिच्या उपयुक्ततेतून येतो. दुसऱ्या प्रकारचा अर्थ ओळखण्याची साधने प्रतीकवादी समीक्षेपाशी नाहीत.

ही उणीव केवळ पद्धतीची नाही. वुल्फ ह्यांनी १९२९ सालच्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' ह्या पुस्तकात दाखवून दिले की समाजात चालणारी मूल्ये कादंबरीत आणि कादंबरीच्या समीक्षेत उतरतात; मैदानी खेळ महत्त्वाचे मानले जातात आणि कपड्यांची आवड क्षुल्लक. युद्धावरचे पुस्तक म्हणून एखादी कृती भारदस्त ठरते. दिवाणखान्यातील स्त्रियांच्या भावनांवरचे पुस्तक हलके ठरते. घोडा आणि टोपी ह्यांना मिळालेल्या विषम वागणुकीचे ह्याहून नेमके निदान करता येणार नाही. 'मिसेस डॅलोवे'ची विशेषता अशी, की तिने युद्धाचा निकाल टोपीच्या टेबलावर आणून ठेवला आणि दोन खाती एक केली. लीव्हिस ह्यांच्या 'द ग्रेट ट्रॅडिशन' (१९४८) ह्या ग्रंथातील परंपरेत वुल्फ ह्यांना स्थान मिळाले नाही. जीवनाच्या गांभीर्याची कसोटी लावणाऱ्या समीक्षेला तबेल्यात जीवन दिसले, शिवणाच्या टेबलावर दिसले नाही.

५

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. वस्तूचा व्यवहार पाहा असे म्हणणे म्हणजे समीक्षेला समाजशास्त्राच्या किंवा आर्थिक इतिहासाच्या दावणीला बांधणे नव्हे काय? हा आक्षेप गंभीर आहे. एलेन फ्रीडगुड ह्यांनी 'द आयडियाज इन थिंग्ज' (२००६) ह्या ग्रंथात व्हिक्टोरियन कादंबऱ्यांतील महोगनीचे फर्निचर, सुती पडदे, तंबाखू अशा वस्तूंचा इतिहास कृतीच्या बाहेर जाऊन शोधला आणि तो घेऊन त्या पुन्हा कृतीत शिरल्या. ह्या पद्धतीने पुष्कळ हाती लागले. परंतु तेथे कृतीपेक्षा वस्तूचा इतिहास बोलका होण्याचा धोका राहतो. प्रस्तुत लेखातील आग्रह त्याहून मर्यादित आहे. तबेल्यातील सौदा आणि टोपीचे माप ह्या गोष्टी लॉरेन्स व वुल्फ ह्यांनी स्वतः लिहिलेल्या आहेत. बाहेरची माहिती केवळ त्यांचे वजन कळण्यापुरती लागते. ज्या ज्ञानावर कृतीने आपली रचना उभारली, ते ज्ञान वाचनातून वगळणे हीच खरी कृतीबाह्य गोष्ट आहे.

टॉलस्टॉयची 'खोल्स्तोमेर' (१८८६) ही कथा ह्या संदर्भात निर्णायक ठरावी. १९१७ सालच्या प्रसिद्ध निबंधात व्हिक्टर श्क्लोव्हस्की ह्यांनी अपरिचितीकरणाचे उदाहरण म्हणून तिचा उपयोग केला. 'माझे' ह्या शब्दाचा अर्थ घोड्याला कळत नाही आणि त्यामुळे मालमत्तेची कल्पनाच वाचकाला विचित्र दिसू लागते. रूपवादी समीक्षेचे हे एक पायाभूत वाचन. तथापि, बोलणारा घोडा कोण आहे, इकडे ह्या वाचनाचे फारसे लक्ष नाही. खोल्स्तोमेर उत्तम कुळातला आहे. तो केवळ कबऱ्या रंगाचा निघाला म्हणून पैदासकारांच्या मनातून उतरतो. त्याला खच्ची करतात. त्यानंतर तो हातोहात विकला जातो. मालमत्तेविषयी त्याला पडलेले कोडे हे कोणत्याही प्राण्याचे कोडे नाही. ज्याच्या कुळाला किंमत आहे आणि ज्याच्या कातडीला नाही, अशा घोड्याचे ते कोडे आहे. कथेच्या शेवटी त्याचे कातडे, मांस आणि हाडे सारे कुणाच्या ना कुणाच्या कामी येते. त्याच्या एकेकाळच्या मालकाचे प्रेत मात्र थाटात पुरले जाऊनही कुणाच्या उपयोगी पडत नाही. टॉलस्टॉय अखेरच्या ओळींपर्यंत वस्तूचा हिशेब सोडत नाही. अपरिचितीकरणाचे तंत्र ह्या हिशेबातून येते. हिशेब वगळून तंत्राची चर्चा केली तर तंत्र हवेत लटकते.

६

मराठी समीक्षेच्या संदर्भात हा प्रश्न वेगळे रूप घेतो. 'प्रतिमा' आणि 'प्रतीक' ह्या संज्ञांची आपल्याकडील सर्वांत काटेकोर चर्चा कवितेच्या संदर्भात झाली. सुधीर रसाळ ह्यांचा 'कविता आणि प्रतिमा' (१९८२) हा ग्रंथ ह्याची साक्ष देतो. कथा-कादंबरीच्या समीक्षेने ह्या संज्ञा उचलल्या, परंतु कवितेत वस्तू शब्दातून येते आणि कादंबरीत ती शब्दाबरोबरच व्यवहारातूनही येते, हा भेद पुरेसा पारखला नाही. परिणामी कादंबरीतील वस्तूला कवितेतील प्रतिमेचे नियम लागू झाले.

वाचकाच्या भूमीचाही विचार करावयास हवा. मराठी वाचकाला वळू म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. गाय फळवणे, बैल खच्ची करणे हे शब्द त्याच्या भाषेत जिवंत आहेत. सेंट मॉरच्या तबेल्यातील सौदा त्याला इंग्लंडमधील शहरी वाचकापेक्षा लवकर उमगावा. उलट स्त्रीची टोपी ही मराठी संसारात कधी फारशी आलीच नाही. डोक्यावर पदर होता. बाळासाठी टोपडे व कुंची होती, आणि बारशाला आत्या ती आणत असे. ती मापापेक्षा मायेने शिवलेली, विक्रीच्या मालापेक्षा अहेरात मोडणारी वस्तू. भाषेत टोपी उरली ती पुरुषाची, आणि तीही 'टोपी घालणे', 'टोपी फिरवणे' अशा फसवणुकीच्या व पक्षांतराच्या वाक्प्रचारांत. त्यामुळे रेझियाची टोपी मराठी वाचकापुढे येते ती एकतर परदेशी शोभेची वस्तू म्हणून, नाहीतर आधीच प्रतीक होऊन. ज्या वस्तूचा व्यवहार आपल्या अनुभवात नाही तिला प्रतीक करून टाकणे सर्वांत सोपे असते, आणि परभाषेतील साहित्याच्या आपल्या वाचनात हे वारंवार घडते.

स्वभाषेतील कृतीही ह्यातून सुटलेल्या नाहीत. आनंद यादव ह्यांच्या 'गोतावळा' (१९७१) ह्या कादंबरीत ट्रॅक्टर आल्यावर शेतातील जनावरे एकामागून एक जातात आणि नारबा एकाकी होतो. यंत्र विरुद्ध निसर्ग ह्या प्रतीकात्मक द्वंद्वात ही कादंबरी बसवणे सोपे आहे. मात्र ती जनावरे काम उरले नाही म्हणून जातात, हा त्या कादंबरीचा कणा आहे. नारबाचे दुःख निसर्ग हरवल्याचे असण्याआधी ते कामातील सोबत्यांचा हिशेब मालकाने एकट्याने केल्याचे आहे. जनावराला निसर्गाचे प्रतीक करताच मालक ह्या हिशेबातून निर्दोष सुटतो, आणि गडीही जनावरांसारखाच हिशेबातली बाब आहे, ही कादंबरीची जाणीव बोथट होते.

कादंबरीतील वस्तूला प्रतीकत्व नाकारावे, असा ह्याचा अर्थ नाही. सेंट मॉर हे प्रतीक आहेच. परंतु प्रतीक म्हणून त्याला मिळालेली किंमत एका बुडीत सौद्यातून आली आहे, हे लक्षात ठेवून ती मोजली पाहिजे. आणि ज्या वस्तूंचा सौदा बुडाला नाही, त्यांच्यासाठी समीक्षेला वेगळी मापे तयार करावी लागतील. पीटर्सबाईंची टोपी पुढे त्यांच्या डोक्यावर चढली की नाही, हे 'मिसेस डॅलोवे' सांगत नाही. ती टोपी पाहून आपल्याला नेहमी आनंद वाटेल, कारण ती होत असताना सेप्टिमस पुन्हा आपल्यासारखा झाला होता, एवढे मात्र रेझियाला ठाऊक असते. डॉक्टर होम्स खोलीत शिरतात तेव्हा त्यांना खिडकी दिसते आणि भेकडपणा दिसतो. टेबलावरचे पुरे झालेले काम दिसत नाही. समीक्षेने त्या टेबलाकडे पाहावे, कारण त्या खोलीत नेमके काय मारले गेले ह्याचा पुरावा तेथे ठेवलेला आहे.